काजव्यांच्या रात्री आणि विजांच्या वेळा : सह्याद्रीत ट्रेक नेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई-पुणे-नाशिककडच्या ट्रेकिंग संस्था, गिर्यारोहण मंडळं आणि पैसे घेऊन ट्रेक नेणारे सर्व आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि पुन्हा परतीच्या पावसात म्हणजे सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबर संपेपर्यंत, तुमच्या प्रत्येक ट्रेकच्या जाहिरातीत माथा सोडण्याची वेळ छापा. दादरहून बस किती वाजता सुटणार ते तुम्ही छापता. नाश्त्याला पोहे की उपमा, तेही छापता. वरून खाली वळायचं किती वाजता, हे मात्र कुठंच नसतं. ते लीडरनं वर गेल्यावर, आभाळाकडे बघून ठरवायचं असतं म्हणे. मला वाटतं तिथंच सगळी गोची आहे.

असं का वाटतं ते सांगायला जरा लांब जावं लागेल, थेट अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात. मागच्या एका ऑगस्टमध्ये भाच्याकडे अल्बुकर्कीला मुक्काम होता. तिथून दक्षिणेला गाडीनं तास-सव्वा तासावर सोकोरो नावाचं छोटं गाव आहे, रिओ ग्रांदे नदीच्या काठी. गावात न्यू मेक्सिको टेक ही संस्था आहे आणि तिची एक प्रयोगशाळा मॅग्डालेना डोंगरांच्या धारेवर, साउथ बाल्डी शिखराला लागून आहे. नाव लँगम्युअर प्रयोगशाळा, स्थापना १९६३, उंची सुमारे ३,२०० मीटर. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. आयर्विंग लँगम्युअर म्हणजे १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मानकरी. उतारवयात ते ढगांच्या नादी लागले, कृत्रिम पावसाचे अगदी सुरुवातीचे प्रयोग त्यांच्याच गटाचे. त्यांचं नाव दिलेल्या या प्रयोगशाळेत मुख्य अभ्यास होतो तो गडगडाटी वादळांचा आणि विजांचा.

वर जाण्याआधी परवानगी काढली होती. हायवे सोडून वॉटर कॅनियनमध्ये शिरलं की थोडा वेळ डांबर टिकतं, मग वनखात्याचा कच्चा रस्ता सुरू होतो. फोर व्हील ड्राइव्हशिवाय या रस्त्याला लागू नये. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि समोरून गाडी आली तर कुणी मागं घ्यायचं हा प्रश्न. आपल्या घाटवाटांवर जीप हाकलेल्या माणसाला विशेष वाटणार नाही, भाच्याला वाटलं. खाली खुरटी जुनिपर आणि पिन्यॉनची झुडपं, मग उंच पॉन्डरोसा पाइन, त्याच्याही वर फर आणि अ‍ॅस्पेन, आणि शेवटी एकदम उघडी गवताळ धार. पश्चिमेला खाली सॅन ऑगस्टिनचं पठार आणि त्यावर व्हीएलए रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या दिसतात.

प्रयोगशाळेसाठी हाच डोंगर का निवडला? सकाळी ऊन पडलं की आधी डोंगराचे उतार तापतात, हवा दोन्ही बाजूंनी उतारावरून वर चढते आणि धारेच्या डोक्यावर एकमेकींना भिडते. जुलै-ऑगस्टमध्ये, मेक्सिकोकडून दमट वारा आला की, ढग त्या धारेवरच जन्माला येतो आणि बराच वेळ तिथंच उभा राहतो. त्याच्या मागं धावावं लागत नाही. सकाळी लख्ख निळं आकाश, दहा-अकराच्या सुमारास कापसाचे पुंजके, आणि दुपारपर्यंत गडगडाट. इतकं नेमानं, की अमेरिकी काँग्रेसनं १९८० मध्ये कायदा करून आसपासचं सुमारे ३१,००० एकर राष्ट्रीय वन या संशोधनासाठी राखून ठेवलं. वनखात्याच्या पायवाटा त्याच रानातून जातात आणि लोक तिथं चालायला येतात.

धारेवर एक गोष्ट पाहिली, ती तुमच्यासाठी नीट सांगतो. जमिनीत पुरलेली लोखंडी कोठडी आहे, तिला ते किवा म्हणतात. वादळ डोक्यावर आलं की संशोधक त्या कोठडीत बसत आणि बाहेरून छोटं रॉकेट सोडत. रॉकेटच्या शेपटीला बारीक तारेचं रीळ, तारेचं दुसरं टोक जमिनीत. रॉकेट काहीशे मीटर वर गेलं की वीज त्या तारेच्या वाटेनं खाली येते, अगदी हव्या त्या जागी. माणसं तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण चारही बाजूंनी लोखंडात. वीज लोखंडाच्या अंगावरून जमिनीत जाते, आत काही होत नाही. मुद्दाम वीज पाडणारी ही माणसं वादळात धारेवर उघड्यावर थांबत नाहीत. एकतर कोठडीत, इमारतीत, नाहीतर पत्र्याच्या गाडीत. ज्यांचं पोट विजेवर चालतं त्यांची ही शिस्त.

थोडं विषयांतर करतो. गडांवर वीजरोधक यंत्रणा बसवा, असं आपल्या गप्पांत कुणीतरी हमखास म्हणतं. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात टोकदार सळी सांगितली. त्याच्याशी वाकडं असलेल्या इंग्लंडच्या राजा तिसऱ्या जॉर्जनं हट्टानं बोथट सळ्या लावून घेतल्या. पुढं दोन शतकं लोक टोकदारच लावत राहिले. साउथ बाल्डीच्या धारेवर तिथलेच संशोधक चार्ल्स मूर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी उभे करून सात वर्षं वाट पाहिली. २००० साली निकाल छापला : टोकदार सळ्यांपैकी एकीवरही वीज पडली नाही, विजेला लांबून ओढून घेण्याचा दावा करून विकल्या जाणाऱ्या महागड्या उपकरणांवरही नाही. पडली ती बारा बोथट सळ्यांवर, साधारण १३ ते २५ मिलिमीटर जाडीच्या. (हेच मूर १९४७ मध्ये एका लष्करी बलून-प्रकल्पात होते. त्या प्रकल्पाच्या अवशेषांनाच लोकांनी रॉझवेलची उडती तबकडी ठरवलं, असं अमेरिकी हवाई दलाचं म्हणणं आहे. असो.) तेव्हा गडावर यंत्रणा लावायला कुणी कोटेशन घेऊन आलं, तर टोक कसलं आहे ते विचारा. आणि सळी सांभाळते ती इमारत. माचीवर पसरलेल्या दोनशे माणसांना ती सांभाळत नाही.

उतरताना गाडी भाच्यानं घेतली आणि मी पायवाटेनं थोडा चाललो. पॉन्डरोसाच्या सालीला नाक लावलं तर व्हॅनिलासारखा वास येतो, खरंच येतो. अशाच एका झाडाच्या शेंड्यापासून मुळापर्यंत वितभर रुंदीचा पट्टा सोललेला होता. पट्टा सरळ नव्हता, खोडाभोवती पीळ घेत खाली आलेला. कडेला राळ गोठून पिवळी झालेली, आणि बुंध्यापासून पाच-सहा पावलांवर सालीचे हातभर लांब तुकडे पडलेले. वीज खोडातून गेली, आतल्या ओलाव्याची वाफ झाली, आणि साल फुटून उडाली. त्या बुंध्याला टेकून कुणी पावसाचा आडोसा घेतला असता तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. पुढं तशीच आणखी झाडं दिसली. पार्किंगला पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती आणि तिथल्या बऱ्याचशा गाड्या निघून गेल्या होत्या. चालायला आलेली माणसं पहाटे चढून, माथा करून, जेवणाआधी परतली होती. कुणी हाकललं नव्हतं. त्या डोंगरात दुपारी माथ्यावर राहायचं नसतं, हे तिथं अंगवळणी पडलंय.

आता आपल्याकडे येऊ. तुमच्यातले जुने लोक म्हणतील, आम्ही वर्षानुवर्षं पावसात गड चढतोय, वीज कुठं बघितली? बरोबर आहे, कारण तुम्ही जुलै-ऑगस्टमधलं सांगताय. विजेसाठी ढगात बर्फ लागतो. बर्फाचे बारीक कण आणि गारेचे मऊ गोळे एकमेकांवर आपटतात, त्यातून विद्युतभार वेगळा होतो. हे घडतं ते ढगाच्या गोठणाऱ्या भागात, म्हणजे आपल्याकडे साधारण पाच किलोमीटरच्या वर. भर पावसाळ्यात घाटमाथ्यावरचे ढग बहुतेक बुटके असतात, तिथवर पोचायच्या आत पाऊस सांडून मोकळे होतात. म्हणून पाऊस धो धो आणि गडगडाट क्वचित. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली, कारण पावसाळ्यात ते ढग तिथं चक्क दारातून आत येतात.

वळवाचा ढग निराळा. मे महिन्यात घाटावरचा देश तापलेला, समुद्रावरून दमट वारा घाट चढून येतो, दुपारनंतर ढग उभा वाढत बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्याच्या पोटात बर्फच बर्फ. रोहिणी आणि मृगातला पाऊस हा असा. हस्तातला, ज्याला आपण हत्तीचा पाऊस म्हणतो, तोही असाच कडाडत येतो. शेतकऱ्याला हे पाठ आहे. ट्रेकच्या वेळापत्रकात मात्र त्याचा पत्ता नाही.

आणि याच दिवसांत तुम्ही काय भरवता? काजवे. मे संपता संपता भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी, सगळीकडे बसच्या बस. काजवा चमकतो तो वळवाच्या पावसानं हवेत ओल आली की, मृगाच्या आसपास. म्हणजे ज्या हवेसाठी तुम्ही माणसं नेता, तीच हवा विजांची. त्यात रात्रीची वेळ. ढग किती वाढलाय ते अंधारात दिसत नाही. हिरड्या-सादड्याच्या ज्या झाडांवर काजवे लगडतात, त्या झाडांखालीच लोक मान वर करून उभे. एका वर्षी रतनवाडीच्या बाजूला मी हे पाहिलंय : लांबवर आभाळ उजळायचं आणि त्या क्षणी झाडावरचे काजवे पुसल्यासारखे दिसेनासे व्हायचे. पोरं टाळ्या वाजवत होती. गडगडाट ऐकू येत होता. कुणीही मोजत नव्हतं.

मोजायला घड्याळसुद्धा लागत नाही. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तिनानं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि दहा किलोमीटरवरच्या ढगातली पुढची वीज तुमच्यावर पडू शकते. न्यू मेक्सिको टेकनंच १९९०च्या दशकात विजेचा नकाशा काढणारी यंत्रणा बनवली. माळावर विखुरलेले अँटेना, विजेतून निघणारे रेडिओ ठोके, प्रत्येक ठोक्याची वेळ जीपीएसवरून, आणि त्यातून ढगाच्या पोटातली वीज कुठून कुठं धावली याचं त्रिमितीय चित्र. त्या चित्रांत दिसतं की काही विजा ढगाच्या कुशीतून बाहेर पडून आडव्या जातात आणि लांब, कोरड्या जमिनीवर उतरतात. डोक्यावर चांदण्या आहेत म्हणून तुम्ही सुटलात, असं नाही.

कळसूबाईचं बघा. १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच टोक. पायथ्याच्या बारी गावातून वर जाताना लोखंडी शिड्या, साखळ्या, रेलिंग. वर चार माणसांनी भरेल एवढं देऊळ आणि बाकी उघडा कातळ. नवरात्रात तिथं जत्रा भरते, म्हणजे नेमका हस्त. शेवटच्या शिडीवर रविवारी माणसं एकामागं एक खोळंबलेली असतात, वरच्याची टाच खालच्याच्या बोटांवर, दोन्ही हात लोखंडावर. आभाळ गडगडायला लागल्यावर तिथून दोनशे माणसं उतरवायला किती वेळ लागतो, हे तुमच्या लीडरना विचारा. म्हणून म्हणतो, वर जाऊन ठरवणं म्हणजे उशिरा ठरवणं. जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर जुलै २०२१ मध्ये अकरा जण विजेनं गेले. पावसात सेल्फी काढायला चढलेली माणसं. बुरुज त्यांना सुरक्षित वाटला असणार, दगडी आहे म्हणून.

लीडरची बाजूही मला ठाऊक आहे. बावीस-चोवीस वर्षांचा मुलगा, मानधन नावापुरतं, मागं चाळीस जण पैसे भरून आलेले. दुपारी दोनला तो म्हणाला, माथा रद्द, वळा. लगेच कुणीतरी म्हणतं, अरे समोर तर दिसतोय, वीस मिनिटं फक्त. रात्री त्याच्या नावानं संस्थेला एक स्टार. संस्थेचं कार्यालय त्याच्या पाठीशी उभं राहील याची त्याला खात्री नसते, कारण कार्यालयानं आधी काहीच लिहून ठेवलेलं नसतं. माथा सोडण्याची वेळ छापलेली असली तर वाद त्याच्याशी नाही, कागदाशी. मे आणि ऑक्टोबरसाठी ती वेळ दुपारी बाराच्या अलीकडची असावी, असं माझं मत. कुणी अकरा म्हणत असेल तर मी भांडणार नाही. काजव्यांसाठी वेळेपेक्षा जागा महत्त्वाची : बस किंवा पक्क्या भिंतींचं घर पाच मिनिटांच्या चालीवर असेल तिथंच थांबा, आणि पहिला गडगडाट ऐकला की सगळे आत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

आत म्हणजे कशात, तेही स्पष्ट लिहा. एसटीची किंवा कोणतीही पत्र्याची बस चालते, खिडक्या लावून. ताडपत्रीची जीप नाही. टेंट तर नाहीच. चारी बाजूंनी उघडी शेड, देवळाचा नुसता मंडप, झाड, हे काही उपयोगाचं नाही. उथळ कपार फसवी असते, वीज तिच्या तोंडावरून उडी मारते. विजेचे बळी बहुतेक थेट अंगावर पडून जात नाहीत. ती जवळपास पडते आणि जमिनीतून पसरते, म्हणून माणसं गोळा करून एका जागी बसवू नका, अंतर ठेवा. पाय जुळवून उकिडवं बसणं हा दुसरं काही उरलंच नाही तरचा उपाय, त्यावर नियोजन करू नका. दामिनी अ‍ॅप सगळ्यांना घ्यायला लावा. आयआयटीएमचंच आहे, २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजांची सूचना देतं. पण हरिश्चंद्रगडाच्या निम्म्या वाटांवर रेंज नसते, हे मला सांगायला नको.

तुमच्या प्रथमोपचार वर्गात एक गोष्ट घाला. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावला तर काही होत नाही. काहींचं हृदय आणि श्वास थांबलेला असतो, आणि ताबडतोब छाती दाबून सीपीआर सुरू केला तर अशी माणसं परत येऊ शकतात. पडलेल्यांत जो कण्हतोय तो बहुधा वाचणार असतो. जो निपचित आहे त्याच्याकडे आधी धावायचं. आपल्या गावांतून अजून पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, काही राज्यांत वीज लागलेल्याला शेणात पुरतात. त्या शेणात जाणारी मिनिटंच त्याला मारतात. २०२२ मध्ये देशात २,८८७ माणसं विजेनं गेली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. त्यात शेतात राबणारी, गुरं राखणारी जास्त. त्यांना शेत सोडून जाता येत नाही. आपण हौसेनं जातो, आपल्याला वेळ निवडता येते.

एवढ्यानं ट्रेक कमी होतील, अशी भीती असेल तर पहाटेचे करा. बारीतून पहाटे तीनला चढलेला माणूस सूर्योदय बघून, साखळ्यांवर गर्दी व्हायच्या आत खाली येतो आणि गावात पिठलं-भाकरी खातो. गावातल्या मावशींचाही धंदा होतो.

काजव्यांच्या जाहिराती मार्च-एप्रिलपासूनच फिरायला लागतात. म्हणजे मसुदा आत्ता बनतोय. त्यात दोन ओळी वाढवा : माथा सोडण्याची वेळ, आणि गडगडाट झाल्यास कार्यक्रम थांबेल, पैसे परत मिळतील की नाही ते. दुसऱ्या ओळीत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण लिहा. ज्या संस्था हे आधीपासून करतात, त्यांनी आपली वेळापत्रकं बाकीच्यांना द्यावीत, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आपला,
सह्याद्रीत भटकणारा एक जुना माणूस